मंगळाच्या पाठचा वार

चिखलीजवळच्या उंद्रीकडची एक बाई आमच्या गिरणीच्या फाटकाशी फुटाणे विकते. आधी तिचं सांगतो, मग माझं. ती नसती तर माझी आई त्या फाटकापुढं आणखी किती वेळ बसून राहिली असती कोण जाणे, आणि आई आली होती हे मला कळलंही नसतं. लोक म्हणतात, एवढं काय केलं तिनं, दोन नावं तर घेतली. खरं आहे, दोन नावंच घेतली. पण ती दोन नावं घ्यायला माझ्या आईची जीभ उचलत नव्हती. का उचलत नव्हती ते सांगायचं तर मला पार पाळण्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिताना मागचं पुढं होईल, सांभाळून घ्यावं. यात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. ज्या घरात वाढलो तिथं नावं घ्यायची रीत नव्हती, आता कागदावरसुद्धा हात अडतो.

आमचं गाव जानेफळच्या अलीकडं, मेहकर तालुक्यात. मी पोटात होतो तेव्हा आजा गेला. आजी रडत होती ती माझा जन्म झाल्यावर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हातारा वापस आला." झालं, नाव तिथंच ठरलं. बारशाला आत्यानं माझ्या कानात आज्याचं नाव सांगितलं, बायांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. आत्या पुढं हे नेहमी हसत सांगायची, "तुही माय पाळन्याची दोरी धरून उभी. मी नाव सांगतलं तशी अशी पदर ओढून बाजूले झाली, जसा सासरा खुद्द दारातून आत आला!"

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. तसंच सासऱ्याचंही घेत नाही. आणि नाव घ्यायचं नाही म्हणजे नुसतं नाव नव्हे, त्याच्यासारखा लागणारा शब्दही टाळायचा. आजा बुधवारी जन्मलेला. त्या काळी पंचांग बघायला कोण बसलंय, वारावरून नाव ठेवून मोकळे व्हायचे. गावात सोमवारचे म्हातारे होते, मंगळवारचे होते, शुक्रवारचे होते. रविवारचा मात्र कुणी आठवत नाही. तर माझ्या आईच्या तोंडी बुधवार हा वारच नव्हता. ती म्हणायची, "मंगळाच्या पाठचा." शेजारच्या गावचा बाजार नेमका त्याच वारी, मग म्हणायची, "बाजाराच्या दिशी." तेलाच्या बुधल्याला ती "तेलाचं" म्हणे. लहान बहीण मुद्दाम विचारायची, "माय, तेलाचं काय?" आई म्हणे, "तेलाचं तेलाचंच! आन इकडं, जास्त बोलू नको."

वडिलांचं नाव तुळशीवरून होतं. आजीला आधीची लेकरं जगली नव्हती. तिनं तुळशीपुढं पदर पसरला, मग वडील झाले, म्हणून ते नाव. आमच्या दारात तुळस होती, आई तिला रोज पाणी घालायची आणि तिला "दारातली" म्हणायची. सर्दी झाली की, "जाय, दारातलीचे चार पानं आन, काढा करते." लहानपणी मला वाटायचं त्या झाडाचं नावच दारातली आहे. शाळेत मास्तरांनी तुळशीचं चित्र दाखवलं तेव्हा मी ते नाव सांगितलं आणि सगळा वर्ग हसला.

आता मला हाक कशी मारायची? आई मला आबा म्हणायची. सासऱ्याचं नाव ज्याला ठेवलं त्याला अरे-तुरे तरी कसं करणार, म्हणून अहो-जाहो. मी नागडा अंगणात लोळत असायचो आणि आई म्हणायची, "आबा, उठा! मातीत काऊन लोळून राह्यले तुमी?" शेजारीण हटकून टोमणा मारायची, "व बाई, सासऱ्याले शेंबूड पुसायले सांगून राह्यली काय?" आई पदर तोंडाला लावून हसायची. मारायची पाळी आली तर मात्र पंचाईत. ती हात उगारायची, मग आठवायचं, हात खाली यायचा. "तुमच्या नावाले पाहून सोडते, नाहीतर दाखवलं असतं." एकदा तिनं वावरातून घराकडं "ओ आबाऽ" अशी हाक दिली, तर पारावर बसलेले सगळे म्हातारे उठून उभे राहिले. कारण गावात आबा म्हणजे म्हातारेच.

माझ्या खऱ्या नावानं मला घरात एकच माणूस हाक मारायचा. वडील. त्यांना स्वतःच्या बापाचं नाव घ्यायला अडचण नव्हती. ते खळ्यात उभे राहून पूर्ण नाव घ्यायचे, माझं, मग स्वतःचं, मग आडनाव. जणू कचेरीत पुकारा चाललाय. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलो तरी ऐकू यायचं. आई त्या वेळी कानावर पदर घ्यायची, निदान घेतल्यासारखं करायची. वडील हसायचे. म्हणायचे, "घेऊ दे व, माह्या बापाचं नाव हाय, मोठ्यानं घेतलं तर त्याले वर ऐकू जाते."

आडनावाचंही तेच सांगायचे. आमच्या घराण्यातला कुणी मूळ पुरुष दुसऱ्याच्या पिकांवर जागलीला असायचा. माळ्यावर बसायचा, गोफण फिरवायचा, रानडुकरं हाकायचा. त्याच्यावरून आडनाव पडलं. वडील म्हणायचे, "आपल्या आडनावाचा अर्थ एवढाच, लोकाईनं झोपायचं अन् आपन जागायचं." आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे. मला तेव्हा ते आडनाव आवडायचं नाही. देशमुख, पाटील अशी आडनावं आपली का नाहीत असं वाटायचं. आता वाटतं, बरं होतं ते. निदान कशावरून आलं ते तरी माहीत होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. शाळेत पेढे वाटले ते आठवतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी शाळा सुटली. बैलांमागं एक माणूस लागायचा, तो मी. पण शेत थोडं, कोरडवाहू, दोघा बापलेकांचं काम त्यात नव्हतं. गावातला एक जण सुरतेकडं कापडाच्या गिरणीत लागला होता, त्याच्याबरोबर गेलो. जाताना वडील फाट्यापर्यंत आले. आई घरूनच म्हणाली, "आबा, येजा लवकर."

गिरणीत मला कुणी नावानं ओळखत नव्हतं. आम्ही चार-पाच जण बुलढाण्याकडचे, सगळ्यांना मिळून "वऱ्हाडी" म्हणायचे. ए वऱ्हाडी, सुताची बॉबिन आण. ए वऱ्हाडी, झाडू मार. सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली. गिरणीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथं आम्ही राहायचो आणि बॉयलरकडच्या मागच्या दारानं आत-बाहेर करायचो. पुढच्या मोठ्या फाटकाकडं माझं जाणंच नसायचं. क्वचित फुटाणे आणायला गेलो तरच. तिथं ती बाई बसायची. पहिल्यांदा तिनं विचारलं होतं, "कुठचा रे भाऊ तू? बोलनं आपल्याकडचं दिसते." मी जानेफळ सांगितलं, ती म्हणाली, "माहं माहेर उंद्री." एवढंच. त्यापुढं बोलणं झालं नव्हतं. मीच बोलत नसे. कुणी घरचं काही विचारलं की घरची आठवण जास्तच यायची.

वडील आजारी पडले हे मला कळलं नाही. आधी ताप, मग जेवण तुटलं, मग माणूस खाटेला लागला. हे सगळं मी नंतर ऐकलेलं. ते आईला म्हणत होते, पोराला बोलाव. तार करायची तर मेहकरला जावं लागे, आणि आमच्याकडं तार म्हणजे मेल्याची खबर. जित्या माणसाची तार मी करणार नाही, असं आई म्हणाली. चुलत्यांचा मुलगा जायला तयार होता, पण त्याची बायको बाळंतपणाला टेकलेली. मग आईच निघाली. जी बाई कधी मेहकरच्या पुढं गेली नव्हती, ती एसटीनं खामगाव, खामगावहून मलकापूर, तिथून रेल्वेनं सुरतेच्या बाजूला. विचारत विचारत आली. मला घेऊन गेलेला गावकरी केव्हाच दुसरीकडं कामाला लागला होता, पण गिरणी कोणती ते त्यानं आधीच तिला चिमणीच्या खुणेवर सांगून ठेवलं होतं. चिमणी तिला सापडली. फाटकाशी पोचली.

फाटकावरच्या भय्यानं विचारलं, "किससे मिलना है?"

आई म्हणाली, "माह्या पोराले."

"नाम?"

आईनं पदर पुढं ओढला.

"अरे माई, नाम बोल. हजार आदमी है अंदर."

आई म्हणाली, "उंच हाय. सावळा हाय. कानाच्या मागं डाग हाय." भय्या हसला. मग तो दुसऱ्या माणसाशी बोलू लागला. ती थोडी बाजूला झाली आणि भिंतीच्या सावलीत बसली. भोंगा झाला, पाळी सुटली, माणसांचा लोंढा बाहेर आला. तिनं प्रत्येकाचं तोंड पाहिलं. मी त्यात नव्हतो, मी मागच्या दारानं खोलीवर गेलो होतो. दुसऱ्या पाळीची माणसं आत गेली. तिनं तीही पाहिली. ती रात्र तिनं तिथंच भिंतीला टेकून काढली, गाठोडं पोटाशी धरून. मी भिंतीच्या पलीकडं होतो. जेवून झोपलो होतो.

हे मला तिनं कधी एका दमात सांगितलं नाही. थोडं गाडीत सांगितलं, थोडं पुढं कधी तरी, थोडं फुटाणेवालीनं सांगितलं. मी ते जोडून जोडून ठेवलं आहे.

मी तिला एकदा विचारलं, तेव्हा तरी का नाही घेतलं नाव? कोण ऐकत होतं तिथं? ना सासर ना गाव. ती म्हणाली, "आबा, ते खाटेवर पडलेले. जीव असा धाग्यावर. अन् मी तिथं जाऊन त्याहिचं नाव घेऊ? बाकी कधी घेतलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तवाच कसं घेऊ?"

मी पुन्हा ते विचारलं नाही.

सकाळी फुटाणेवाली येऊन बसली. काल दुपारी पाहिलेली बाई आजही तिथंच आहे हे तिनं पाहिलं. नऊवारी नेसण्यावरून तिला वाटलं आपल्याकडची असावी. तिनं एक पुडी बांधली आणि उठून तिच्यापाशी गेली.

"काऊन व माय, कोनाची वाट पाहून राह्यल्या? कालपासून दिसून राह्यल्या."

आपली बोली ऐकून आईला रडू फुटलं. पोरगा आत आहे, त्याचा बाप खाटेवर आहे, न्यायला आले, एवढं तिनं सांगितलं.

"मंग नाव सांगा ना त्याले. बलावते तो."

आईनं मान खाली घातली.

फुटाणेवाली तिच्या तोंडाकडं पाहत राहिली, मग तिच्या शेजारी मातीतच बसली. आवाज बारीक करून म्हणाली, "सासऱ्याचं ठेवलं काय पोराले?"

आईनं मान हलवली.

"हात्तिच्या! मंग असं सांगा ना. माह्या मोठ्या जावेचं हेच होतं. तिच्या पोराले ती जन्मभर 'आमचे हे मोठे' म्हने. बरं, देवाचं हाय का वाराचं?"

"वाराचं."

"कोन्या वाराचं?"

"मंगळाच्या पाठचा."

फुटाणेवाली उठली, फाटकापाशी गेली आणि भय्याला माझं नाव सांगितलं. आमच्याकडची कुणीही बाई ओळखली असती, तिनंच काही मोठं कोडं सोडवलं असं नाही. पण दुसरं कुणी तिच्यापाशी गेलं नव्हतं. भय्या म्हणाला, या नावाचे आत तीन आहेत, तिघांना मशीनवरून उठवू का? बापाचं नाव आण. ती परत आली.

"बापाचं नाव पाहिजे म्हनते तो मेला."

आईनं दोन्ही हात कानांवर ठेवले. मान हलवत राहिली, नाही, नाही.

"खुणेनं सांगा. तोंडानं नका घेऊ."

आईनं कानांवरचे हात खाली घेतले. मग आई खाली बघत म्हणाली, "दारातली."

"तुळस?" असं म्हणून त्या बाईनं वडिलांचं नाव पूर्ण घेतलं. आईनं डोळे मिटून घेतले. फुटाणेवालीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "मी घेतलं व माय. माह्या जिभेनं घेतलं. तुमी काही केलं नाही. काही असंल ते माह्या माथ्यावर."

हे वाक्य मला आईनंच सांगितलं. त्या परमुलखात, ओळख ना देख, एका बाईनं दुसऱ्या बाईचं भय आपल्या डोक्यावर घेतलं. मी तिच्याकडून तोवर फुटाण्याच्या चार पुड्या घेतल्या असतील. तेवढीच आमची ओळख.

तिनं ते नाव भय्याला सांगितलं आणि मला आत निरोप आला. मी फाटकाशी आलो तर आई उभी. धुळीनं पांढरी झालेली. मला पाहून म्हणाली, "आबा, चला. तुमाले बलावलं."

गाडीत ती फारसं बोलली नाही. गाठोड्यात तिनं माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा आणला होता, तो तसाच होता, भाकरी वाळून कडक झालेली. मी खा म्हणालो, तिनं तुकडा तोंडात घातला आणि तसाच ठेवला. मलकापूर येईपर्यंत ती बोटांच्या पेरांवर काही तरी मोजत होती. खामगावला एसटी दुसऱ्या दिवशी मिळाली. फाट्यावर उतरलो तेव्हा गावातली दोन-तीन माणसं उभी होती. नेहमी कुणी आलं की लोक विचारतात, कसं काय, कधी आला. त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. एकानं माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पुढं चालू लागला. आई तिथंच खाली बसली.

वडील आदल्या दुपारी गेले होते. आम्ही गाडीत होतो तेव्हा. दिवस मावळायच्या आत उरकलं, चुलत्यांच्या मुलानं पाणी दिलं. घरात गेलो तर खाटेची जागा सारवलेली, तिथं दिवा, आणि दिव्याजवळ पीठ पसरून वर टोपलं पालथं घातलेलं. जीव कोणत्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. चुलतीनं टोपलं उचललं. सगळ्या बाया वाकून पाहत होत्या. कुणाला पाखराचं पाऊल दिसलं, कुणाला वासराचं. मला नुसतं पीठ दिसलं.

बहीण मला परसात घेऊन गेली. म्हणाली, "दादा, काल सकाळी त्याहिनं तुले हाक मारली रे. पूर्ण नाव घेऊन, खळ्यातून मारत होते तशी. इतका आवाज कुठून आला काय माहीत. शेजारचे धावत आले. मंग म्हने, येऊन राह्यला तो. अन् मंग बोललेच नाही."

आई त्याच्या आदल्या दुपारीच फाटकाशी पोचली होती. तेव्हाच नाव घेतलं असतं तर आम्ही त्याच दुपारच्या गाडीनं निघालो असतो, आणि ती हाक मी ऐकली असती. हा हिशेब मी कधी तोंडानं केला नाही. आईनं केला. तेराव्यानंतर सगळे पाहुणे गेले, ती चुलीपुढं बसली होती, मी जवळ बसलो.

ती म्हणाली, "नाव राखलं मी त्याहिचं. राखता राखता उशीर झाला."

मी म्हणालो, "माय, असं नको बोलू. त्यांचं आयुष्य तेवढंच होतं."

"अन् शेवटी घेतलंच ना, आबा. दारातली म्हनलं म्हंजे घेतलंच ते. खुणेनं घेतलं अन् तोंडानं घेतलं, देवाले काय फरक? राखलं म्हून तुमची भेट चुकली, अन् घेतलं म्हून ते गेले."

मी खूप समजावलं. म्हटलं, आजार होता. म्हटलं, नाव घेतल्यानं कुणी मरत नाही, शहरात बाया सर्रास घेतात. ती म्हणाली, "त्यायचे नवरे मरत नाही काय मंग?" सातवीपर्यंत शिकलेलं त्याच्यापुढं संपलं होतं. तिनं कोणतीही वाट घेतली असती तरी ती चुकीचीच ठरणार होती, हे मला कळतं. पण कळून उपयोग काय?

पुढं आई जगली, पण जगण्यासारखं नाही. तुळशीला पाणी घालणं तिनं बंद केलं. बहीण घालायची. ती लग्न होऊन हिवरा आश्रमाकडं गेली, मग कुणीच घालेना, झाड वाळलं. मी सुट्टीला गेलो की नवं रोप लावायचो, पुढच्या खेपेला वाळलेलं दिसायचं. एकदा मी आईला म्हटलं, "माय, आता तरी मला नावानं हाक मार. आता कोण नाही घरात रागवायला." मला खरंच हवं होतं ते. वडील गेल्यापासून गावात ते नाव कुणी घेत नव्हतं, गिरणीत मी वऱ्हाडी, घरी आबा. कधी कधी वाटायचं त्या नावाचा माणूस दुसराच कुणी होता आणि तोही त्या दुपारीच गेला.

आईनं ओठ हलवले. आवाज आला नाही. मग म्हणाली, "नाही जमत, आबा." आणि माझ्याकडं न बघता, "मीबी एक नाव ठेवलं होतं. तुमी पोटात होते तवा. मनातल्या मनात हाक मारत होते. मंग मामंजी गेले, अन् मले कोनी विचारलं नाही."

"कोणतं नाव?"

"आता काय करता त्याचं."

मी पुष्कळ मागं लागलो. दर खेपेला विचारायचो. कधी ती हसायची, कधी रागवायची. तिच्या शेवटच्या आजारात मी पोचलो होतो, हाताशी होतो. तेव्हाही विचारलं. ती माझ्याकडं पाहत होती, ओळखत होती. "आबा, पानी द्या," म्हणाली. पाणी दिलं. ते नाव तिच्याबरोबर गेलं. ते देवाचं होतं की झाडाचं की वाराचं, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

आता पुन्हा त्या बाईकडं येतो, नाहीतर राहून जायचं. वडिलांचं सगळं उरकून मी कामावर परतलो तेव्हा पहिल्या दिवशी मुद्दाम पुढच्या फाटकानं गेलो. ती उठून उभी राहिली. "भेटले काय रे भाऊ वडील?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. एक, मग दुसरी. मी हात धरला. ती म्हणाली, "माह्या जिभेनं खाल्लं त्याहिले." मी म्हणालो, "मावशी, तुम्ही नाव घेतलं म्हणून निदान दुसऱ्या दिवशी तरी आई घरी पोचली. नाहीतर ती अजून इथंच असती." तिला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. बाईनं दुसऱ्याचं ओझं घेतलं आणि ते तिच्याकडंच राहिलं. आईचं आईपाशी, तिचं तिच्यापाशी. दोघींनी एवढं घेऊनही माझं ओझं काही कमी झालं नाही.

हळूहळू ती माझ्याशी बोलू लागली. लग्नात तिचं नाव बदललं होतं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं, ते तिला वाचताही आलं नाही. तो नवरा दारू पिऊन जीव घ्यायला उठायचा. ती तिथून निघाली ती दुसऱ्या एका माणसाबरोबर इकडं आली, तोही पुढं वारला. तिच्या भावानं उंद्रीत सांगून टाकलं, या घरात तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. "म्हंजे पाह्य भाऊ," ती म्हणाली, "तुह्या मायनं जीव वाचवायले नाव घेतलं नाही. माह्या भावानं मेली समजून नाही घेतलं." तिचं माहेरचं नाव तिनं मला सांगितलं. फुलावरून आहे. इथं तिला सगळे चनावाली म्हणतात. ते माहेरचं नाव शेवटचं कुणी घेतलं हे तिला आठवत नाही.

ती आता थकली आहे. खोकते. पाटी उचलताना दोनदा थांबते. मला रोज भीती वाटते की एखाद्या सकाळी फाटकाशी जागा रिकामी दिसेल आणि तिच्या भावाकडं जायचं माझं राहूनच जाईल. आई गेल्यापासून गावाकडं माझं जाणं तुटलं. सुट्टी मिळाली तरी पाय निघत नाही. शिवाय, खरं सांगतो, त्या भावाची भीती वाटते. तो दारातूनच घालवेल. तू कोण तिचा, म्हणेल. काय सांगू मी त्याला?

तरी जाईन. मावशी, तुम्हाला वाचता येत नाही, कुणी वाचून दाखवलं तर ऐका. मेहकरला उतरण्याऐवजी मी एकदा चिखलीला उतरेन, उंद्रीला जाईन, तुमच्या भावाच्या ओट्यावर बसेन आणि तो हाकलेपर्यंत उठणार नाही. हाकललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. त्याच्या तोंडून तुमचं नाव एकदा तरी घेववीन, आणि जमलं तर त्यालाच इथं घेऊन येईन. आज जमत नाही. पण हे मी करीन.